आईच्या घरातल्या पाळ्या: तासांच्या शीटच्या नोंदी

(फॉर्म्युले इथे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिलेत. शीटमध्ये टाइप करताना तीच नावं आणि कॉलमची अक्षरं इंग्रजी लिपीत घालायची.)

१० जून २०२४, सोमवार

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला महिना होऊन गेला. नारायण पेठेतल्या घरी आता दोन मावशी येतात. दिवसपाळीच्या मावशी सकाळी आठ ते रात्री आठ, रात्रपाळीच्या मावशी रात्री आठ ते सकाळी आठ. रविवारी रात्रपाळीला सुट्टी, तेव्हा कर्वेनगरहून मी जाऊन झोपते. दादा न्यू जर्सीला असतो. पैसे तो पाठवतो, हिशेब माझ्याकडे.

फ्रिजवर दोरीला बांधलेली एक दोनशे पानी वही आहे. आल्यावर आणि जाताना मावशी तिच्यात वेळ लिहितात. मे महिन्यात मी नुसत्या ओळी मोजल्या आणि पाळीचे नऊशे याप्रमाणे पैसे दिले. काल रात्री वही नीट वाचली तेव्हा दिसलं की रात्रीच्या मावशी बरोबर आठला कधीच निघालेल्या नाहीत. ८.२०, ८.३५, एकदा ८.५०. दुसऱ्या मावशी येईपर्यंत आईला एकटं टाकून जायचं नाही, म्हणून त्या थांबतात. ते थांबणं वहीत आहे, पण पैशात कुठेच नाही. हे बरोबर नाही.

म्हणून आजपासून एक्सेलमध्ये शीट. पाच कॉलम: नाव, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, एकूण. वहीतला जून आधी चढवायचा.

१२ जून, बुधवार

दोन संध्याकाळी गेल्या आणि बेरीज शून्य आली. कारण सापडलं, ते लिहून ठेवते.

आपण सगळे वेळ लिहिताना टिंब देतो. वहीत ‘रा. ८.१०’ आणि ‘स. ८.२५’ असंच आहे आणि मीही तसंच टाइप केलं. ‘रा.’ पुढे लागलं की शीटच्या लेखी तो मजकूर होतो. मजकूर सेलमध्ये डावीकडे चिकटतो, आणि बेरजेचा फॉर्म्युला त्याला गुपचूप वगळतो, कुठलीही तक्रार न करता. नुसतं ८.१० टाइप केलं तर ती वेळ होत नाही, आठ पूर्णांक एक दशांश होतो. शेवटचं शून्यही गळून ८.१ उरतं. मग ८.५ दिसलं तर ते आठ पन्नास की साडेआठ? वहीत बघितल्याशिवाय कळत नाही. वेळेला दोन टिंबंच हवीत आणि चोवीस तासांचं घड्याळ हवं: २०:१०, ८:२५. तेवढं केलं की आकडे आपोआप उजवीकडे सरकतात. डावीकडे काही उरलं असेल तर ते आधी दुरुस्त करायचं, ही खूण मला फार उपयोगी पडली.

टिंबवाल्या तीसेक नोंदी पुन्हा टाइप करायच्या नव्हत्या. शेजारच्या कॉलममध्ये =इंट(सी२)/२४+राऊंड(मॉड(सी२,१)*१००,०)/१४४० असं घातलं. टिंबाआधीचा भाग तास, नंतरचा भाग शंभरने गुणून मिनिटं. रात्रीच्या वेळांना वर बारा तास, म्हणजे ०.५, मिळवले.

मग वजाबाकी. दिवसपाळीला =डी२-सी२ नीट चाललं. रात्रपाळीच्या सेलमध्ये मात्र ##### अशी जाळी आली. सकाळच्या ८:२५ मधून रात्रीचे २०:१० गेले तर उत्तर उणे येतं, आणि एक्सेलच्या नेहमीच्या तारीख-पद्धतीत उणे वेळ दाखवता येत नाही. कॉलम कितीही रुंद केला तरी जाळी जात नाही. उपाय: =मॉड(डी२-सी२,१). एकाने भागून उरलेली बाकी. उणे उत्तरात एक दिवस मिळवला जातो आणि १२:१५ येतं. सगळा कॉलम एका ओढीत भरला.

आजची वेळ घालायला =नाऊ() वापरू नये. शीटमध्ये पुढे काहीही बदललं की ती वेळ तेव्हाची होते, म्हणजे सकाळी नोंदलेलं आगमन दुपारी दुपारचं दाखवतं. कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की तारीख, कंट्रोल-शिफ्ट आणि अर्धविराम दाबला की वेळ, आणि ती तिथेच पक्की राहते.

१६ जून, रविवार

रात्री आईजवळ. ती गणिताची शिक्षिका होती, बत्तीस वर्षं. लॅपटॉप तिच्या पलंगावर ठेवून दाखवत होते. तिने विचारलं, “मॉडमध्ये तो एक कसला?”

“एक म्हणजे एक दिवस.”

शीटला वेळ अशी वेगळी काही कळतच नाही, तिला फक्त संख्या कळते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून दिवस मोजत यायचे. १ जानेवारी २०२४ हा ४५२९२वा. पूर्णांक म्हणजे तारीख आणि दशांश म्हणजे दिवसाचा सरलेला भाग. दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. एक तास म्हणजे चोविसावा हिस्सा, एक मिनिट म्हणजे एक भागिले १४४०. सेलचं स्वरूप बदलून ‘जनरल’ केलं की २०:१० च्या जागी ०.८४०२७८ दिसतं. घड्याळ हा वरचा पोशाख आहे.

आई म्हणाली, “मग हे आपलं अहोरात्रच झालं. साठ घटका.” आणि उशाशी असलेल्या वहीत तिने मांडून दाखवलं: एक घटका चोवीस मिनिटं, म्हणजे १/६०, म्हणजे ०.०१६६७. पळ म्हणजे त्याचाही साठावा भाग, चोवीस सेकंद. प्रहर तीन तासांचा, ०.१२५. पंचांगात तिथी किती घटी किती पळं आहे हे दिलेलं असतं तेही दिवसाचे भाग करूनच. मी इतकी वर्षं एक्सेलमध्ये काम करते, पण दिवस म्हणजे एक ही गोष्ट मला आज तिच्या अक्षरातल्या आकड्यांवरून खरी समजली.

एक गंमत तिला फार आवडली. एक्सेल १९०० साल लीप वर्ष धरतं आणि २९ फेब्रुवारी १९०० अशी नसलेली तारीख मोजतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि त्याच्या फायली जुळाव्यात म्हणून ती तशीच घेतली गेली. आई म्हणाली, “शंभराने भाग जातो, चारशेने जात नाही. सहावीतली मुलं सांगतील.”

१ जुलै, सोमवार

काल पालख्या पुण्यात आल्या. गरवारे कॉलेजपाशी गाडी लावून मी चालत निघाले, आणि वारकऱ्यांच्या गर्दीतून आईकडे पोचायला सव्वानऊ झाले. दिवसाच्या मावशी ९:२० ला निघाल्या. त्यांची ओळ मी स्वतः लिहिली: ८:०५ ते २१:२०, तेरा तास पंधरा मिनिटं.

आज जूनची बेरीज. रात्रीच्या मावशींच्या पंचवीस पाळ्या, एकूण तास ६:४०.

सहा तास चाळीस मिनिटं! क्षणभर वाटलं सगळं पुसलं गेलं. बेरीज बरोबरच होती, दाखवण्याची पद्धत चुकीची होती. साध्या वेळेच्या स्वरूपात घड्याळ चोवीस तासांनी पुन्हा शून्यावर येतं. तेरा दिवस पोटात गेले आणि वरचे ६:४० दिसले. सेलच्या स्वरूपात तासाचं अक्षर चौकटी कंसात घातलं, [एच]:एमएम, की तास चोवीसच्या पुढे चालत राहतात. आकडा आला ३१८:४०. कुठलीही सरलेल्या वेळेची बेरीज असो, मी आता हे स्वरूप आधीच लावून ठेवते.

एकही रात्र बारा तासांच्या आतली नाही. पंचवीस गुणिले बारा तीनशे, म्हणजे जास्तीचे १८:४०. पाळीचे नऊशे म्हणजे तासाला पंचाहत्तर. सेल गुणिले ७५ केलं तर ५८.३३ रुपये आले. त्या रविवारी आईला सांगितलेलं वाक्य आठवलं: एक म्हणजे दिवस. १८:४० हे शीटच्या पोटात ०.७७७८ दिवस आहेत. आधी चोवीसने गुणून तास करायचे, मग दराने गुणायचं, आणि उत्तराच्या सेलचं स्वरूप साधी संख्या ठेवायचं. १८.६६६७ गुणिले ७५, बरोबर १,४०० रुपये.

दादाला फोनवर सांगितलं तर त्याने १८.४० ला पंचाहत्तरने गुणून १,३८० काढले. वीस रुपयांचा फरक. चाळीस मिनिटं म्हणजे ०.४० तास नव्हे, ०.६७. रक्कम लहान आहे, पण दर महिन्याला तो फरक एकाच बाजूला पडणार, मावशींच्या.

चौदाशे रुपये पाकिटात वेगळे घालून दिले आणि कशाचे ते सांगितलं. मावशी म्हणाल्या, “राहू द्या की ताई, थांबले तर थांबले.” मी म्हटलं, “तुम्हीच लिहिलंय वहीत.” त्यांनी पाकीट दोनदा उघडून बघितलं.

७ जुलै, रविवार

दादाला तिकडून बघता यावं म्हणून त्याने गूगल शीट बनवलं आणि मी सगळं तिथे हलवलं. सात दिवसांच्या नोंदी भरल्या. फिल्टर लावून फक्त जुलै महिना बघितला तर एकच ओळ: आजची.

फाइल अमेरिकेत बनल्यामुळे तिची भाषा-देश सेटिंग तिकडची होती. तिथे महिना आधी, दिवस नंतर. मी लिहिलेली ०१/०७ ही ७ जानेवारी झाली, ०२/०७ ही ७ फेब्रुवारी. फक्त ०७/०७ दोन्हीकडून सारखीच, म्हणून ती वाचली. १३ तारखेपासून तर मजकूरच झाला असता, कारण तेरावा महिना नसतो. तास मात्र बरोबर येत होते, कारण वजाबाकीत तारीख घेतलेलीच नव्हती. म्हणूनच चूक सात दिवस लपली.

फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत केलं. आधी घातलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, त्या पुन्हा टाइप कराव्या लागतात.

१३ जुलै, शनिवार

बुधवारपासून एक प्रयोग केला. आईच्या घरी पडून असलेल्या जुन्या मोबाइलवर गूगल फॉर्म ठेवला, सगळा मराठीत: नाव, आणि ‘आले’ किंवा ‘निघाले’. पाठवलं की शीटमध्ये वेळेचा शिक्का आपोआप पडतो. कुणी काही लिहायला नको.

पहिलाच शिक्का सकाळी १०:२८ चा पडला. रात्रीच्या मावशी आल्या होत्या १९:५८ ला. साडेनऊ तासांचा फरक: शीटचा टाइम झोन न्यू जर्सीचा. लोकेल बदलताना त्याच खिडकीत खालची ओळ होती, ती मी वाचलीच नव्हती. आता भारतीय प्रमाणवेळ लावली आहे. यादीत ती कोलकाता नावाने सापडते.

यावर जरा विचार केला. घड्याळ साडेनऊ तास मागे असलं तरी आल्याची आणि गेल्याची वेळ त्याच घड्याळाची असेल तर वजाबाकी बरोबरच येते. म्हणजे तासांचं काही बिघडलं नसतं. पण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करतात. ३ नोव्हेंबरला ते एक तास मागे येईल आणि त्या वेळी जी पाळी चालू असेल तिचा एक तास शीटमध्ये कमी भरेल. आपल्याकडे ती भानगड नाही.

मोबाइलवरून दुसरी गोष्ट उघड झाली. आईच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, कायमच. आमच्या लहानपणापासून, शाळेला उशीर होऊ नये म्हणून. दिवसाच्या मावशी येताना-जाताना त्या भिंतीवरच्या घड्याळावरूनच लिहितात, त्यामुळे त्यांच्या तासांत फरक नाही. रात्रीच्या मावशी येताना स्वतःच्या मोबाइलवरची वेळ लिहितात, दारातच, चप्पल काढता काढता. सकाळी मोबाइल चार्जिंगला असतो, म्हणून भिंतीवरची. दर रात्रीला दहा मिनिटं जास्त. जूनच्या पंचवीस रात्रींचे चार तास दहा मिनिटं, ३१२ रुपये ५० पैसे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “दिलेले परत मागायचे नाहीत. घड्याळ आपलं चुकीचं आहे.” पण घड्याळ मागे करायलाही ती तयार नाही. शेवटी फ्रिजवर वहीशेजारी एक छोटं नवं घड्याळ लावलं आणि ठरलं की दोघींनी दोन्ही वेळा त्यावरूनच लिहायच्या.

फॉर्म मात्र बंद केला. मावशी दारात आल्या आल्या आईला बाथरूमला न्यायचं असतं, आणि शिक्का पडतो वीस मिनिटांनी. तो शिक्का बोट लावल्याचा असतो, आल्याचा नव्हे. शिवाय दिवसाच्या मावशींनी मला विचारलं, “ताई, मशीन कशाला लावलं, आमच्यावर भरवसा नाय का?” त्यांचं बरोबर होतं. वही त्यांच्या हातातली आहे, त्या अक्षराला त्या जबाबदार आहेत. शीट हे वहीचं गणित करणारं साधन आहे, तेवढंच राहू दे.

२६ जुलै, शुक्रवार

बुधवारी कामासाठी नाशिकला गेले होते. काल गुरुवारी पुण्यात जे झालं ते टीव्हीवर बघितलं. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी, भिडे पूल बुडालेला. दिवसाच्या मावशी सिंहगड रस्त्यालाच राहतात. त्यांच्या गल्लीतून बाहेर पडायला वाट नव्हती. रात्रीच्या मावशी आईजवळ थांबल्या. फोनवर एवढंच म्हणाल्या, “तुम्ही सावकाश या, आजी जेवल्यात.”

आज दुपारी पोचले. घरी सगळं ठीक. दिवसाच्या मावशींचं धान्य भिजलं. आईने वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता, त्यावरून रात्री सहा दिवसांच्या नोंदी एका दमात शीटमध्ये चढवल्या.

१ ऑगस्ट, गुरुवार

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

जुलैचा हिशेब मी दोघी मावशींना मोठ्याने वाचून दाखवते असं ठरवलं होतं. एकेक ओळ: तारीख, आलात, गेलात, तास. रात्रीच्या मावशी जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या. मी वाचलं, “चोवीस जुलै, एकोणीस पंचावन्न ते आठ वीस, बारा तास पंचवीस मिनिटं.” त्यांनी मान हलवली. मी पुढची ओळ वाचायला लागले.

आई पलंगावरून म्हणाली, “थांब. चोवीस म्हणजे बुधवार. ती बुधवारी संध्याकाळी आली ती शुक्रवारी सकाळी गेली. दोन रात्री आणि मधला एक आख्खा दिवस. बारा तास कसले?”

वही उघडली. मावशींनी २४ तारखेच्या ओळीत ‘आले ७.५५’ लिहिलं होतं. पुढे काही नाही. खाली, पुढच्या कोऱ्या जागेत, ‘गेले ८.२०’. मधल्या दिवसाला त्या ना आल्या होत्या ना गेल्या होत्या, मग लिहिणार काय? मी ते एका ओळीत चढवलं. शीटने ८:२० मधून १९:५५ वजा केले, उत्तर उणे आलं, मॉडने एक दिवस मिळवला आणि नेहमीसारखी दिसणारी एक रात्र माझ्यापुढे ठेवली. १२:२५. कालच्यासारखीच, परवासारखीच. जाळी नाही, उणे नाही, लाल रंग नाही.

खरं उत्तर: २४ जुलै १९:५५ म्हणजे ४५४९७.८२९८६१, २६ जुलै ८:२० म्हणजे ४५४९९.३४७२२२. फरक १.५१७३६१ दिवस, ३६ तास २५ मिनिटं. मॉडने त्यातला पूर्णांक एक टाकून दिला आणि .५१७३६१ ठेवलं, कारण पूर्ण दिवस टाकून देणं हेच त्याचं काम. ते काम मीच त्याला १२ जूनला दिलं होतं, आणि तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. नेमके चोवीस तास नाहीसे झाले, म्हणून उरलेली मिनिटंसुद्धा अगदी खरी. या चुकीचा वास येतच नाही.

मावशींना विचारलं, “तुम्ही का नाही बोललात?”

“मशीनचं आहे ना ताई. मला वाटलं ते तसंच धरत असतील.”

मला त्यावर काही बोलता आलं नाही. ज्या दिवशी त्यांनी सगळ्यात जास्त केलं, तोच दिवस माझ्या शीटमधून गेला होता, आणि आई जागी नसती तर मी तो पाकिटातूनही घालवला असता. अठराशे रुपये. पण मला पैशांहून जास्त लागलं ते त्यांचं मान हलवणं.

३ ऑगस्ट, शनिवार

शीट नव्याने बांधलं.

मॉड काढून टाकलं. आता दोनच मुख्य कॉलम: ‘आल्याची तारीख-वेळ’ आणि ‘गेल्याची तारीख-वेळ’. प्रत्येक सेलमध्ये दोन्ही एकत्र, मध्ये एक जागा सोडून: २४/०७/२०२४ १९:५५. वजाबाकी सरळ, दुसऱ्यातून पहिलं. मध्यरात्र, दोन रात्री, महिनाअखेर, कशालाही वेगळा फॉर्म्युला लागत नाही. वेळेबरोबर तारीख आली की मध्यरात्रीचा प्रश्नच उरत नाही, तो प्रश्न मी तारीख वेगळी ठेवून स्वतःच तयार केला होता. दोनदा तारीख टाइप करायचा कंटाळा येतो हे खरं आहे. पण मॉड त्या कंटाळ्यासाठीच वापरतात, आणि ज्या कामात माणूस चोवीस तासांपेक्षा जास्त राहू शकतो तिथे ते वापरूच नये असं माझं आता ठाम मत आहे.

फरक लगेच मिनिटांत करते: =राऊंड((सी२-बी२)*१४४०,०). याचं कारण जूनमध्येच दिसलं होतं, तेव्हा लक्ष दिलं नाही. रात्री आठ ते सकाळी आठ अशी नेमकी बारा तासांची पाळी कधी ०.५ पेक्षा केसभर जास्त भरते, कधी केसभर कमी, कारण तिसऱ्या हिश्शासारखे अपूर्णांक संगणकात पूर्ण मावत नाहीत. मग ‘बारा तासांपेक्षा जास्त असेल तर’ ही अट चुकते. मिनिटं पूर्णांकात आली की ७२० ते ७२०च. दाखवायला शेजारी [एच]:एमएमचा कॉलम आहेच.

गेल्याची वेळ रिकामी असेल तर पाळी चालू आहे असं समजायचं, वजाबाकी करायची नाही. नाहीतर रिकामा सेल शून्य धरला जातो आणि उणे पंचेचाळीस हजार दिवस येतात. आणि एक राखणदार कॉलम: पाळी सोळा तासांच्या वर गेली, किंवा उणे आली, किंवा त्या व्यक्तीच्या दोन नोंदींमध्ये एखादी तारीख सुटली, की ओळ पिवळी होते. पिवळी म्हणजे चूक नव्हे, पिवळी म्हणजे वही उघडून बघ. जुलै त्यातून पुन्हा काढला. २४ तारीख पिवळी झाली.

जादा तासांचा दर. कारखाने कायदा १९४८ च्या कलम ५९ मध्ये जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवलेली होती. तो कायदा घरकामाला लागू नव्हता, पण कारखान्यात जे न्याय्य आहे ते आमच्या घरात का नसावं? दादाला विचारलं, तो लगेच हो म्हणाला. त्या पाळीचे पहिल्या बारा तासांचे नऊशे, पुढच्या २४:२५ तासांना दीडशेच्या दराने ३,६६२ रुपये ५० पैसे. एकूण ४,५६२.५०. वहीतही एक बदल केला: प्रत्येक ओळीत ‘आले’च्या पुढे तारखेची चौकट आणि ‘गेले’च्या पुढेही तारखेची चौकट. पट्टीने मीच आखली, वीस पानं.

रक्कम देताना हिशेब मावशींच्या हातात कागदावर दिला. बोट ठेवून त्यांनी तो तीनदा वाचला, आणि “हे दीडशे कसे?” असं विचारलं. त्यांनी विचारलं याचं मला फार बरं वाटलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीपौर्णिमा. दिवसाच्या मावशी भावाकडे, आज दिवसभर मी. शीटला दोन आठवडे झाले, कुठेही अडलं नाही. आई काठी घेऊन गॅलरीपर्यंत गेली.

१८ सप्टेंबर, बुधवार

विसर्जन. काल लक्ष्मी रस्ता आणि आजूबाजूच्या गल्ल्या माणसांनी भरलेल्या, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच असते हे पुण्यात कुणाला सांगायला नको. दोघी मावशींना आधीच सांगितलं होतं की या दोन दिवसांत पेठेत घुसायच्या फंदात पडू नका, मी राहते. काल दुपारी ४:४० ला पोचले. रात्रभर ढोलाचा आवाज खिडकीच्या काचेत घुमत होता. आई काठी टेकत गॅलरीत उभी राहिली, दहा मिनिटं, खुर्चीशिवाय.

ती म्हणाली, “तुझीही ओळ लिही. पैसे नाही मिळणार, पण लिही.” म्हणून वहीत लिहिली.

आज संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर रात्रीच्या मावशी सव्वासातलाच आल्या. मी घाईत ‘गेले’च्या चौकटी भरल्या, शीटमध्येही तेच घातलं आणि चपला घालायला लागले. मावशी वहीपाशी स्वतःची ओळ लिहायला गेल्या, आणि तिथूनच हाक मारली.

“ताई, तुम्ही जायची तारीख सतरा लिहिलीय. आज अठरा आहे.”

शीटमध्ये २:३५ दिसत होतं, पांढऱ्या ओळीत. मी तारीख बदलली. २६:३५ झालं आणि ओळ पिवळी झाली. मावशींनी वहीतला सतराचा सात खोडून त्यावर आठ काढला, मग फ्रिजवरच्या घड्याळाकडे बघून खाली स्वतःची ओळ लिहिली: १८/९, ७.१५.